मंदानं वसवलेलं गाव

मंदाची उरलेली इंजेक्शनं फ्रीजच्या दारात तशीच उभी होती. फेकायला हात होईना, आणि रोज दूध काढताना ती दिसली की दिवस नासायचा. शेवटी एका दुपारी डब्यात बर्फ भरला, त्यात ती ठेवली आणि स्कूटर काढून सेंटरवर द्यायला निघालो. कुणाला तरी उपयोगी पडतील, एवढंच डोक्यात होतं. तिला जाऊन महिना होत आला होता.

सेंटर म्हणजे डायलिसिसचं. वसईत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका मिठाईच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. जिना चढताना अर्ध्यापर्यंत तुपाचा वास येतो आणि अर्ध्यापासून स्पिरिटचा. आत खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी कुरकुरणारं यंत्र, आणि पडदे कायम ओढलेले. डायलिसिसला बसलेल्या माणसाचा एक हात त्याचा नसतो. त्या हातात सुया असतात, तो चार तास सरळ ठेवायचा. जरा वाकला की यंत्र टीं टीं करून ओरडतं. त्यामुळे ही माणसं घरी गेली तरी तो हात अंगापासून जरा लांब धरून चालतात, जणू कुणा दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली आहे. मंदा तशीच चालायची. डावा हात.

मी डबा नर्सकडे दिला आणि निघणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हाक आली. बायजामावशी होत्या. जूचंद्रच्या. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, सत्तरीच्या पुढच्या. मंदाच्या समोरची खुर्ची त्यांची. मला वाटलं आता रडतील, मला रडवतील. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "मंदाबायचा गाव कसा हाय?"

नर्सनं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, म्हातारीला भ्रम होतोय अशा अर्थानं. पण मला माहीत होतं त्या कशाबद्दल विचारतायत. मी म्हटलं, बरं आहे, मी बघतो रोज. त्यांचं समाधान झालं. सुया नसलेल्या हातानं माझं मनगट धरून म्हणाल्या, "माजी जागा ऱ्हाऊ दे हं खाडीकडं. तिनं कबूल केलीय."

मी हसून हो म्हटलं. त्या वेळी हसू आलं मला, हे खरं आहे.

तुम्हाला या गावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मंदाचे ते चार तास सरत नसत. टीव्हीवरच्या मालिकांतल्या बायकांचा तिला मनापासून कंटाळा, आणि जप करायला ती काही तशी नव्हती. म्हणून ओवीनं, आमच्या मुलीनं, तिला टॅबलेटवर एक खेळ घालून दिला. नाव काहीतरी इंग्रजी होतं, मंदा त्याला 'माझं गाव' म्हणायची. खाडीकाठचा एक रिकामा माळ असतो. तुम्ही तिथे झाडं लावायची, विहीर खणायची, वाट काढायची. अधूनमधून धक्क्याला होडी लागते, तिच्यातून गाठोडं घेऊन एक पाहुणा उतरतो आणि राहायला जागा मागतो. तुम्ही जागा दाखवली की घर उभं राहतं, आणि तो माणूस गावात राहायला लागतो. मासे धरतो, झाडाला पाणी घालतो, बाकावर बसून राहतो. मागे मंद सूर वाजत असतात. इथे सकाळ तर तिथे सकाळ, इथे तिन्हीसांजा तर तिथेही दिवे लागतात.

मी वाडीतला माणूस. वसईजवळच्या होळी गावात आमची केळी आणि सोनचाफा, पहाटे फुलं काढून दादरला पाठवायची आणि मग दिवसभर मातीत. असल्या खेळांना मी नावं ठेवत आलो. मी तिला विचारलं होतं, यात जिंकायचं काय असतं? काही नाही, म्हणाली. मग हरायचं कसं? हरायचं पण नसतं, फक्त राहायचं असतं, म्हणाली. मी यावर बरीच चेष्टा केली. पण त्या खेळानं तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा, हे दिसत होतं. सुया टोचताना डोळे मिटून घेणारी बाई आता टॅबलेटकडे बघत हात पुढे करायची.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर ऑस्कर बसायचा. सांडोरचा, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, सेंटरमध्येही सगळ्यांना हसवायचा. एके दिवशी त्याची खुर्ची रिकामी दिसली. त्या खोलीत अशा वेळी कुणी काही बोलत नाही. पुढच्या आठवड्यात खुर्चीवर दुसरं माणूस येतं आणि सगळे त्याच्याशी हसून बोलतात. मंदा घरी आली, जेवली नाही, टॅबलेट घेऊन झोपाळ्यावर बसली. धक्क्यावर एक पाहुणा उभा होता. खेळानं त्याला काहीतरी परदेशी नाव दिलेलं असतं, ते बदलता येतं. तिनं ते पुसून ऑस्कर लिहिलं आणि त्याला विहिरीजवळ घर दिलं. मग मला म्हणाली, "बसवलं त्याला." आणि जेवायला उठली.

तेव्हापासून तिचा तो नेमच झाला. खोलीतलं कुणी गेलं की गावात एक घर वाढायचं. जिवंत माणसाचं नाव तिनं कधी घातलं नाही. आणि स्वतःसाठी घर बांधलं नाही. खेळात तिची म्हणून एक निळ्या झग्याची बाई होती, आपण बोट ठेवू तिथे जाणारी. ती एका तंबूत राहायची. सुरुवातीला सगळ्यांना तंबूच मिळतो, मग घर बांधून घ्यायचं असतं. ओवी कितीदा मागे लागली, मंदाचं उत्तर ठरलेलं. आधी सगळ्यांचं होऊ दे.

मंदाच्या दहाव्याला आम्ही तळ्यावर गेलो होतो. पिंड मांडले, सगळे हात जोडून लांब उभे राहिले. समोरच्या चिंचेवर कावळे होते, भरपूर होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मंदाचा भाऊ नीलेश पुढे झाला, म्हणाला, ताई, ओवीचं लग्न आम्ही थाटात करू. कावळे ढिम्म. मी म्हटलं, वाडी विकणार नाही. माझ्या बहिणीनं सांगितलं, दादाला एकटं सोडणार नाही. एकेक जण येऊन शब्द देत होता आणि ऊन चढत होतं. बाकीच्या घरांचे विधी आटोपून माणसं निघून गेली. भटजी घड्याळ बघून दर्भाचा कावळा वळायला बसले. एवढं सोसून गेलेली बाई, तिला अजून काय हवं आहे आणि ते मला कळत कसं नाही, असं झालं.

तेव्हा ओवी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पप्पा... तिचं गाव."

लोकांसमोर मोठ्यानं बोलायची लाज वाटली. मी पिंडाजवळ वाकून पुटपुटलो, "मंदा, तुझं गाव मी सांभाळीन. आलेल्या कुणाला वाटेवर ठेवणार नाही."

अजून सरळ उभाही राहिलो नव्हतो, तोच कावळ्याचा पंख माझ्या कानाला लागून गेला.

लोकांना वाटलं ओवीच्या लग्नाचं ऐकून शिवला. नीलेशला अजून तसंच वाटतं. मला आणि ओवीला ठाऊक होतं. आणि असा दिलेला शब्द मोडला तर गेलेलं माणूस मधेच अडकतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मंदा अडकू नये. त्या दिवसापासून मला दुसरी काळजी नव्हती.

मग मी खेळायला लागलो. दुपारी वाडीतून आलं, अंघोळ केली, चहा घेतला की झोपाळ्यावर बसायचं. पहिले काही दिवस बोट कुठे ठेवायचं तेही कळेना, निळ्या झग्याची बाई सारखी विहिरीला धडकायची. पण हळूहळू हात बसला. मी तिथे केळी लावली, बांध घातला, वाटेच्या दोन्ही बाजूंना फुलझाडं केली. सांगायला संकोच वाटतो, पण मला ते आवडायला लागलं. खऱ्या वाडीत किडीची, वाऱ्याची, बाजारभावाची धास्ती. इथे लावलं की उगवतं. चार वाजले की ऑस्कर विहिरीच्या कट्ट्यावर बसून ट्रम्पेट वाजवायचा, बाकीचे येऊन उभे राहायचे, आणि निळ्या झग्याची बाईही त्यांच्यात जाऊन उभी राहायची. मी तिला नेत नसे, ती आपली आपण जायची. मी झोका थांबवून ऐकत बसायचो. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

इंजेक्शनं देऊन आलो त्याच आठवड्यात होडी लागली. मंदा गेल्यानंतरची पहिली.

पाहुणी उतरली. माझं लक्ष आधी तिच्या हाताकडे गेलं. गाठोडं उजव्या हातात, आणि डावा हात अंगापासून लांब, कोपरात न वाकवता, सरळ. मी बोट ठेवलं तेव्हा तिच्या डोक्यावर नाव उमटलं. त्या खेळात सगळी अक्षरं इंग्रजी. हे नाव मराठीत होतं. बायजा.

मी ओवीला हाक मारली. तिनं पाहिलं, टॅबलेट हातात घेतला, नाव बदलायच्या जागी गेली. आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, मी नाही लिहिलेलं. हात असा धरायचीही सोय नाही पप्पा या गेममध्ये.

मी लगेच मावशींच्या मुलाला, शत्रुघ्नला फोन लावला. उगाच इकडचं तिकडचं विचारलं. तो म्हणाला, आई बरी आहे, दुपारी जेवली, आता पडलीय. माझा जीव भांड्यात पडला. पण मला जे कळायचं ते कळलं होतं. मंदा गेलेल्यांना घर द्यायची. ही अजून जायची होती, आणि माझ्याकडे घर मागत होती. जागा देणारा मी.

पडद्यावर दोन बटणं असतात. हिरवं दाबलं की जागा द्यायची, लाल दाबलं की पाहुणा नमस्कार करून होडीत बसतो आणि परत जातो. मी लाल दाबलं.

होडी गेली. बायजा गेली नाही. ती धक्क्यावर उभी राहिली, गाठोडं खाली ठेवलं, आणि तो एक हात तसाच सरळ धरून गावाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शत्रुघ्नचा फोन आला. काल संध्याकाळपासून आईचा श्वास अडकतोय, दवाखान्यात नेलीय. डॉक्टर म्हणतात फार वेळ नाही. मी त्याला धीर दिला. म्हटलं, काही होत नाही, मावशी घट्ट आहेत. मी अगदी खात्रीनं बोलत होतो. मी टॅबलेट उघडून पाहिलाच होता, ती धक्क्यावर उभीच होती, आणि जोवर मी जागा देत नाही तोवर ती आत येणार नव्हती. मंदाच्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. इथे होतं. मला खरं तर अभिमान वाटत होता.

मग दवाखान्यानं हात टेकले आणि मावशींना घरी आणलं. शत्रुघ्न रोज फोन करायचा, रोज तेच सांगायचा. पाणी घोटत नाहीत. डोळे उघडे आहेत. आज जातील, उद्या जातील, सगळे पाहुणे येऊन थांबलेत. आणि इथे खेळातले सूर बंद पडले होते. त्यांच्या जागी अधूनमधून एक आवाज यायचा. टीं... टीं... हात वाकला की यंत्र ओरडतं तो. टॅबलेट बंद केला तरी थोडा वेळ यायचा. चारच्या सुमाराला पडवीत स्पिरिटचा वास सुटायचा, इतका की ओवी दारं उघडत फिरायची. ऑस्करनं वाजवणं सोडलं होतं. गावातले सगळे आपापल्या दारात उभे राहून धक्क्याकडे बघायचे. निळ्या झग्याची बाई तर धक्क्याच्या तोंडाशी जाऊन थांबायची, मी बोटानं ओढली तरी हलायची नाही.

एका संध्याकाळी शत्रुघ्न म्हणाला, "भाऊ, येऊन जा एकदा. जात बी नाय नि ऱ्हात बी नाय. मना बगवत नाय आता."

मी जूचंद्रला गेलो. दिवेलागणीची वेळ होती. शेजारच्या सगळ्या दारांत रांगोळ्या होत्या, त्या गावात त्या असतातच. मावशींच्या दारात मात्र नुसतं सारवलेलं. आत पडवीत खाट होती आणि खाटेवर त्या. इतक्या थोड्या उरल्या होत्या की चादरीखाली काही आहे असं वाटू नये. फक्त डावा हात खाटेबाहेर, सरळ पुढे आलेला. सून म्हणाली, कितीदा आत घेतला, परत बाहेर येतो.

मी उशाशी बसलो. त्यांची नजर छताला होती. बायका बाजूला झाल्या. बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज येत होता, ओढल्यासारखा. मग त्यांचे ओठ हलले. मी कान खाली नेला.

"भाऊ... मना जागा दे..."

मी त्यांची चादर सारखी केली.

"कवापासना उभी हाय... पाय दुखतान माजे..."

शत्रुघ्न मागून म्हणाला, पाय दुखतात म्हणते सारखी, आडवी आहे तरी. उभी हाय, उभी हाय, करते. त्याला वाटत होतं आईला वात झाला आहे.

मावशींनी मान वळवायचा प्रयत्न केला. ती वळली नाही, डोळे तेवढे वळले. त्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तहानलेल्या माणसानं दुसऱ्याच्या हातातल्या तांब्याकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मंदाबाय तरी किती वाट बगल..."

मी उठलो. येतो म्हणून सांगायचंही सुचलं नाही. स्कूटरवरून परत येताना मला एवढंच दिसत होतं की मी तळ्यावर वाकून काय कबूल केलं होतं आणि काय करत बसलो होतो. आलेल्या कुणाला वाटेवर ठेवणार नाही. पहिलीच आली आणि मी तिला धक्क्यावर उभी करून ठेवली, आणि त्याला जीव वाचवणं म्हणालो.

घरी आलो तसा चपला न काढता झोपाळ्यावर बसलो. खाडीच्या कडेला एक मोकळी जागा होती, मंदानं तिथे कधीच काही लावलं नव्हतं. मला वाटायचं राहून गेली असेल. मी हिरवं बटण दाबलं आणि ती जागा दाखवली. बायजानं गाठोडं उचललं. ती वाटेनं चालायला लागली तेव्हा सगळे दारांतून बाहेर आले, आणि निळ्या झग्याची बाई तिच्या शेजारून चालत गेली. टीं टीं थांबलं. घर उभं राहिलं, ती आत शिरली, खिडकीत दिवा लागला.

फोन वाजला तेव्हा मला तो उचलायची गरज नव्हती, तरी उचलला. शत्रुघ्न रडत होता, पण मोकळं रडत होता. म्हणाला, आईनं हात आत घेतला, कुशीला वळली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायजा तिच्या नव्या दारासमोर उकिडवी बसली होती. दोन्ही हातांनी जमिनीवर काहीतरी करत होती. डावा हात चांगला वाकत होता, खाली जात होता, वर येत होता. ती उठली तेव्हा तिथे रांगोळी होती. ओवीनं माझ्याकडे पाहिलं. या खेळात रांगोळी नाही, हे तिनं सांगायला नको होतं.

आणि मग मी ते पाहिलं जे इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. गावातल्या प्रत्येकाचे हात मोकळे होते. ऑस्कर दोन्ही हातांनी ट्रम्पेट धरायचा, कुणी गळ टाकायचं, कुणी कुदळ मारायचं. एकटी निळ्या झग्याची बाई डावा हात अंगापासून लांब धरून चालायची. मला वाटायचं, ती आकृतीच तशी काढली असेल.

ओवीला ते माझ्या आधी दिसलं असावं. ती म्हणाली, "पप्पा, मम्मीला घर द्या."

मी म्हटलं, देऊ. आज नको. आधी जागा नीट बघू.

असं मी बरेच दिवस म्हणालो. कारण तुम्हाला सांगतो, सगळ्या दुपारी मला तिच्यामुळे मिळत होत्या. मी बोट ठेवलं की ती यायची. मी विहिरीशी नेली की विहिरीशी, केळीत नेली की केळीत. जितेपणी ती माझं एवढं कधी ऐकत नव्हती. आणि ज्यांना घर मिळालं ते बोटाला ऐकत नाहीत, ते आपले आपण फिरतात, हे मला माहीत होतं. घर दिलं की ती माझ्या हातची जाणार. दुसऱ्यांदा. मी तिच्या तंबूभोवती फुलझाडं लावली, तंबूवर माडाची सावली केली, आणि स्वतःला सांगत राहिलो की तिला तसंच आवडतं, तीच तर म्हणायची, आधी सगळ्यांचं. तो हात मात्र दिवसेंदिवस जास्त ताठ होत चालला होता. खरंच होत होता की मला दिसत होता, कोण जाणे. बघवेना. मला शत्रुघ्न आठवायचा.

एका दुपारी मी ओवीला शेजारी बसवलं आणि आम्ही दोघांनी जागा काढली. विहिरीपासून जरा वर, तिथून धक्का दिसतो. बायजाचं घर दिसतं. मी तंबूवर बोट ठेवलं. घर बांधायचं का, असं खेळानं विचारलं. हो म्हणताना माझं बोट बटणापर्यंत जाऊन थांबलं, तर ओवीनं तिचं बोट माझ्या बोटावर ठेवलं.

घर झालं. कौलारू, पुढे पडवी. निळ्या झग्याची बाई पडवीपर्यंत गेली. पायरीवर थांबून तिनं डावा हात कोपरात वाकवला, पुन्हा सरळ केला, पुन्हा वाकवला. मग तो डोक्यावरून फिरवून केस मागे सारले. आजारपणाआधी ती वाडीतून आली की असंच करायची. मी हे वर्षानुवर्षं विसरून गेलो होतो. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी त्या दारावर बोट ठेवून बघितलं. किती वेळ ठेवलं असेल. ते उघडलं नाही. आम्ही दोघं रडलो. दहाव्यालाही असे रडलो नव्हतो.

त्यानंतर त्या गावात मला हलवता येईल असं कुणी उरलं नाही. तंबू रिकामा. मी नुसता बघायचो, ती पडवीत येऊन बसलेली दिसायची, दोन्ही हात मांडीवर. वाटलं, शब्द पुरा झाला. मी पुन्हा वाडीत जास्त वेळ काढायला लागलो. टॅबलेट कपाटात गेला.

या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मी दुपारी वाडीतून आलो तर झोपाळ्यावर ओवी बसली होती. टॅबलेट तिच्या मांडीवर. मम्मी गेल्यापासून तिनं एकटीनं तो कधी उघडला नव्हता. मी विचारण्याआधीच तिनं माझ्याकडे वळवून दाखवला. तंबूत कुणीतरी आलं होतं. एक मुलगी. केस वर बांधलेले, चष्मा. ओवीनं बोट ठेवलं तशी ती चालत आली. मी ठेवून पाहिलं, ती जागची हलली नाही.

मग मला लांब पाण्यात होडी दिसली. अजून धक्क्यापासून बरीच दूर होती. तिच्यात एक माणूस आमच्याकडे पाठ करून बसला होता. बनियन, गुंडाळलेली लुंगी, आणि मानेवरचे पांढरे केस. तसे केस मला आरशात दिसत नाहीत, पण न्हावी मागून दुसरा आरसा धरतो तेव्हा दिसतात.

ओवीनं खाली बघत चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग अगदी साध्या आवाजात, जेवायला काय करू असं विचारावं तसं, तिनं विचारलं, "पप्पा... तुम्हाला कुठे आवडेल? विहिरीकडे की खाडीकडे?"

मी म्हटलं, तुझ्या मम्मीच्या शेजारी काही आहे का बघ. तिनं बघितलं. आहे म्हणाली.

आता रोज संध्याकाळी मी तिला विचारतो, होडी कुठवर आली गं? अजून खूप लांब आहे पप्पा, असं ती सांगते. रोज सांगते. परवापासून मात्र ती टॅबलेट माझ्या हातात देत नाही.